पाहुण्यासाठी पनीर

चंद्रपूर-गडचिरोलीत पाहुणा आला की पनीर येतं. पाहुणा पुण्याचा असो, मुंबईचा असो की नागपूरहून आलेला जावई असो, त्याच्या पुढ्यात तांबड्या तेलात बुडालेले पांढरे चौकोनी तुकडे ठेवले की यजमानाचा जीव भांड्यात पडतो. हे पनीर इथे येतं कुठून, हा प्रश्न कुणी विचारत नाही. या दोन जिल्ह्यांत दुधाचा महापूर कधीच नव्हता. भामरागडकडच्या माडिया लोकांत तर पूर्वापार गाईचं दूध काढायचीच पद्धत नव्हती. गाईला दूध येतं ते वासरासाठी, आपण मध्ये तोंड घालायचं कारण काय, असा सरळ हिशेब. अशा मुलखात पनीर पाकिटात बसून, उन्हातान्हातून टेम्पोने प्रवास करत येतं आणि ज्या पुणेकराने ते घरी आठवड्यातून दोनदा खाल्लेलं असतं, नेमकं त्याच्याच ताटात पडतं. पाहुणाही दमून आलेला, पनीरही दमून आलेलं. दोघं एकमेकांकडे बघत राहतात.

मार्कंड्याला येणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास घडतं. वैनगंगा इथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहू लागते, तिच्या काठावर हजारेक वर्षांपूर्वीची शंकराची देवळं आहेत, भिंतींवर शिल्पांची गर्दी आहे आणि 'विदर्भाचं खजुराहो' असं कुणीतरी एकदा लिहून ठेवल्यामुळे लोक नागपूरहून गाडी काढून येतात. (खजुराहोला 'मध्य प्रदेशचं मार्कंडा' म्हणायला अजून कुणी धजावलेलं नाही.) देवळं पाहून होईपर्यंत दुपारचे दोन वाजतात. शिल्पांतल्या सुरसुंदरी पाहून डोळे निवलेले, पण पोटात कावळे. मग चामोर्शीच्या रस्त्यावर एखादा ढाबा गाठायचा आणि मोठ्या उत्साहाने विचारायचं, "इथलं स्पेशल काय?"

मालक त्याहून मोठ्या उत्साहाने सांगतो, "शाही पनीर आहे, कढाई पनीर आहे, पनीर मसाला आहे."

तिन्हींचा रस्सा एकाच पातेल्यातला. कढाईत शिमला मिरची जास्त, शाहीत साखर जास्त, आणि मसाल्यात काय जास्त ते रात्री कळतं.

खरी गंमत त्याच वेळी ढाब्याच्या मागच्या बाजूला चाललेली असते. मालकाचं कुटुंब आणि कामावरची पोरं जेवायला बसलेली असतात. त्यांच्या पुढ्यात वाफाळता भात, सुकट घातलेली वांग्याची भाजी, अंबाडी, आणि पावसाळा असेल तर बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते. वास पुढच्या टेबलापर्यंत येतो. पाहुण्याचं नाक ताठ होतं. "हा कसला वास हो?" मालक ओशाळतो. "काई नाई जी, आमचं घरचं होय." पाहुणा म्हणतो, थोडं चाखायला द्या ना. यावर मालकाच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटतं ते पाहण्यासारखं असतं. "पावन्याले असं कसं द्याव जी?"

ही लाज आभाळातून पडलेली नाही. गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा, असं महाराष्ट्रातल्या सरकारी नोकरांनी केव्हाच ठरवून टाकलेलं आहे. शिक्षा भोगायला आलेला माणूस ताटाकडे कोणत्या नजरेने बघणार? साहेब आले, गुरुजी आले, सर्वेक्षणवाले आले. प्रत्येकाने ताटात बोट घालून विचारलं, "हे काय असतं?" चांगल्या अर्थाने विचारलं असेल एखाद्याने, पण भुवया वर गेलेल्या दिसल्याच. दोन-तीन पिढ्या अशा भुवया पाहिल्यावर माणूस काय करणार? तो पनीर मागवतो. पनीर पाहून भुवया जागच्या जागी राहतात. पाहुणा खूश होत नाही, पण नाराजही होत नाही, आणि यजमानाला तेवढंच पुरे असतं.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं कुणी समजू नये. आमचे काकाजी एकदा एका लग्नाच्या बोलणीसाठी पुण्याला गेले होते. काकाजींचा सगळा जन्म झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या भाताच्या मुलखात, गेला. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात, आणि मध्ये भूक लागली तर भाताचाच काही प्रकार. पुण्यात त्यांच्यापुढे ताट आलं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर असं सगळं आपापल्या जागी बसलेलं, आणि मधोमध वाटीने पाडलेली भाताची इवलीशी मूद, तिच्यावर चमचाभर वरण आणि तुपाचा एक थेंब. काकाजींनी हात जोडले. त्यांना वाटलं, हा नैवेद्य. आधी देवाला दाखवतील, मग जेवण सुरू होईल. ते वाट पाहत बसले. यजमान म्हणाले, करा सुरुवात. काकाजी म्हणाले, आधी देवाचं होऊ द्या. बराच वेळ दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या धार्मिक भावनांचा आदर केला गेला.

पुढे आमटी आली. काकाजींनी पहिला घास घेतला आणि यजमानांच्या कानाशी जाऊन, बायकामाणसांना ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितलं की बहुतेक डाळीत चुकून गूळ पडलाय, कुणाला रागावू नका.

पण खरा मासला पुढेच आहे. पाहुणा विदर्भाचा म्हणून त्या भल्या माणसांनी खास बेत केला होता. बाजारातून सावजी मसाल्याचं पाकीट आणून त्यांनी तिखटजाळ रस्सा रांधला होता, आणि स्वतः डोळ्यांतून पाणी काढत तो खातही होते. सावजी हे नागपूरच्या हलबा कोष्टी मंडळींचं खाणं. नागपूर आमच्यापासून बसने चार-पाच तास. काकाजींनी घरात सावजी कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे पुणेकरांना तिखट सोसत नव्हतं, काकाजींना ते ओळखीचं नव्हतं, आणि दोघंही एकमेकांच्या आनंदासाठी घाम पुसत जेवत होते. त्या घरातलं पनीर फक्त लाल रंगाचं होतं, इतकंच.

पाहुण्याला त्याचंच खाणं, आपल्याला नीट न येणाऱ्या पद्धतीने करून घालायचं, याला आपण आदरातिथ्य म्हणतो. जगातलं निम्मं निराशाजनक जेवण या एका सद्भावनेतून जन्माला आलेलं आहे. लंडनला गेलेल्या आपल्या माणसाला तिथला साहेब प्रेमाने 'करी' खायला नेतो आणि मुंबईला आलेल्या साहेबाला आपण उकडलेल्या भाज्या आणि पाव देतो. ज्याचं त्याचं चांगलं जेवण ज्याच्या त्याच्या मागच्या खोलीत राहतं.

आता आमच्या मागच्या खोलीत काय काय आहे ते सांगतो. सुरुवात लाखोळीपासून करू, कारण तिची कुंडली सगळ्यांत बिघडलेली आहे. धान कापायच्या आधीच, उभ्या पिकात, ओलाव्यावर लाखोळीचं बी फेकून द्यायचं. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. आपोआप उगवणारी ही डाळ गरिबाची प्रथिनं होती. मग शास्त्रज्ञांनी दाखवलं की हिच्यात एक विषारी द्रव्य असतं, आणि दुष्काळात महिनोन्महिने दुसरं काही न खाता हीच खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात. हे खरंच आहे. 1961 साली केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी घातली. पूर्व विदर्भातल्या लोकांनी बंदी ऐकली, मान डोलावली, आणि डाळ भिजवून, पाणी फेकून देऊन वडे तळले. लग्नात लाखोळीचे वडे नसतील तर कसलं लग्न? नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं भांडण मांडलं आणि 2008 मध्ये महाराष्ट्राने ती उठवली. मधल्या काळात लाखोळी शहरात पोचत नव्हती असं नाही. बेसनात भेसळ होऊन ती व्यवस्थित पोचत होती. फरक इतकाच, की आम्ही ती भिजवून, नाव घेऊन खात होतो आणि शहरातली माणसं ती न भिजवता कांदाभज्यात खाऊन 'मागासलेल्या भागातल्या धोकादायक आहारा'वर काळजी व्यक्त करत होती.

तांदळाचंही तेच. पुण्या-मुंबईच्या किराणा दुकानांत एचएमटी तांदूळ मिळतो. तो काढला आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी. 1983 साली स्वतःच्या शेतात तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्यांचं बी त्यांनी जपून वेगळं पेरलं आणि वर्षानुवर्षं निवडत निवडत एक वाण उभा केला. त्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा हातात घालायला एचएमटी घड्याळ मिळणं ही चैन समजली जायची, म्हणून तांदळाचं नाव एचएमटी. घड्याळाची कंपनी बंद पडली, तांदूळ चालू आहे. 2018 साली दादाजी गेले. त्यांच्याच तांदळाची वाटीने मूद पाडून आमच्या काकाजींना पुण्यात वाढली गेली असेल, तर काकाजींचा अपमान दुहेरी झाला.

पावसाळ्यात सात्या निघतात. वारुळांवर उगवणाऱ्या या अळंब्यांची जागा ज्याला माहीत असते तो ती सख्ख्या भावालाही सांगत नाही. पहाटे अंधारात जाऊन काढायच्या, पळसाच्या पानावर मांडून रस्त्याकडेला बसायचं. भाव मटणाच्या बरोबरीचा किंवा वरचा, आणि तरी दुपारच्या आत संपतात. शहरातली गाडी थांबते, काच खाली होते, "विषारी नाहीत ना?" असा प्रश्न येतो, काच वर जाते. पुढच्या गावात तीच गाडी थांबून डब्यातल्या मश्रूमची 'मश्रूम मसाला' नावाची भाजी मागवते. डब्यावर छापलेलं असतं ना.

मुंग्यांच्या चटणीबद्दल लिहिल्याशिवाय गडचिरोलीवरचा लेख छापतच नाहीत, तेव्हा ते उरकून घेतो. झाडाची पानं एकमेकांना शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या, त्यांची अंडी, मीठ, मिरची, लसूण. पाट्यावर वाटायचं. मुंगीच्या अंगातल्या आम्लामुळे चव आंबट लागते, आणि पहिल्या बोटाला अंगावर काटा येतो तो मुंगीचा नसून मिरचीचा असतो. ही काही एकट्या माडिया-गोंडांची मिरासदारी नाही. ओडिशातल्या मयूरभंजच्या याच चटणीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रागासाठी प्रसिद्ध असलेला ब्रिटिश बल्लव गॉर्डन रॅम्झी बस्तरमध्ये येऊन ही चटणी खाऊन गेला आणि खूश झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने 2013 मध्ये हिशेब मांडला की जगात दोनेक अब्ज लोक किडे खातात आणि खाण्याजोग्या किड्यांच्या एकोणीसशेहून जास्त जाती आहेत. हे सगळं वाचून आमचा एक शिक्षक मित्र जेवताना म्हणाला, "मग कोळंबी म्हणजे तरी काय? पाण्यातला किडाच." त्या दिवसापासून त्याच्या बायकोने कोळंबी सोडली. मुंग्या ती आधीही खात नव्हती. ज्ञानाने माणसाचं ताट मोठं होतं असं नाही.

धानाच्या बांध्यांतले उंदीर खाणारे लोकही आहेत, इथेही आणि व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातही. मी खात नाही. कारण विचाराल तर देता येत नाही. तो उंदीर आयुष्यभर एचएमटी तांदूळ खाऊन वाढलेला असतो, आणि मी आनंदाने जी कोंबडी खातो ती काय खाऊन वाढली हे मला पाहवणारही नाही.

आइसलँडचे लोक याबाबतीत हुशार. ते शार्क मासा महिनोन्महिने कुजवून-वाळवून ठेवतात, त्याला अमोनियाचा भपकारा येतो, आणि तो तुकडा काडीला टोचून पर्यटकाला देतात. वर एक दारूचा घोट. पर्यटकाचं तोंड वाकडं होतं, त्याचा फोटो निघतो, पैसे मिळतात. स्वीडनचे लोक आंबवलेल्या माशाचा डबा घराबाहेर जाऊन उघडतात, कारण घरात उघडला तर घर सोडावं लागेल, आणि तरी त्याचे सोहळे करतात. आमच्याकडे सुकटीचा वास आला तरी खिडक्या लावून घेतात. लाज विकता येते ही गोष्ट अजून झाडीपट्टीला समजलेली नाही. हल्ली ऑगस्टमध्ये ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात, हे खरं. तरोटा, कुड्याची फुलं, काटवल, केना अशा भाज्या नावांच्या पाट्या लावून मांडतात. फीत कापली जाते, चमचाभर भाजी चाखली जाते, "व्वा, औषधी!" असा शेरा मिळतो. भाजीला औषधी म्हटलं की ती पुन्हा मागायची गरज उरत नाही. त्यानंतर मान्यवर मंडळी जेवायला विश्रामगृहावर जातात. तिथे काय असतं ते सांगायला नको.

म्हणून मला वाटतं, या मुलखाचा देव मार्कंडेश्वर आहे हे अगदी रास्त आहे. सोळा वर्षांचं आयुष्य घेऊन आलेल्या मार्कंडेय ऋषीला यमाच्या हातून सोडवणारा हा देव. पण त्याआधी समुद्रमंथनात काय झालं ते आठवा. सगळ्या देवांनी अमृताकडे नजर लावली. हलाहल वर आलं तेव्हा प्रत्येकाने नाक मुरडलं. "हे काय असतं?" असं न विचारता ते पिणारा एकच निघाला. तेव्हापासून लोक त्याला धोतरा, बेलफळ असं दुसऱ्या देवांच्या पंगतीत सहसा न चालणारं वाहतात आणि तो मुकाट्याने घेतो. असा पाहुणा मिळायला भाग्य लागतं.

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते. नदीच्या वाळवंटात गोंड, झाडीपट्टीचे शेतकरी, नदीवरचे ढिवर, सिरोंचा-अहेरीकडचे तेलुगू बोलणारे आणि पलीकडून तेलंगणातून आलेले, असे सगळे लोटतात. शिवाय या चामोर्शी-मुलचेरा भागात साठच्या दशकापासून वसवलेले पूर्व बंगालचे निर्वासित आहेत. त्यांची गावं, तळी, माशांची शेती, मोहरीचं तेल आणि दुकानातले रसगुल्ले, सगळं आहे. थोडं उत्तरेला अर्जुनी-मोरगाव तालुक्यात 1972 पासून तिबेटी वस्ती आहे. त्यांचा लोणी-मिठाचा चहा पिऊन आमच्या माणसाचा चेहरा उतरतो, आणि आमचा चहा पिऊन त्यांना वाटतं की साखरेच्या पाकात चुकून पत्ती पडली. या कोपऱ्यात जेवणाच्या इतक्या तऱ्हा एकत्र नांदतात की मुंबईच्या हॉटेलवाल्यांना हेवा वाटावा. मग जत्रेत काय मिळत असेल याची कल्पना करा.

मंचुरियन मिळतं.

कोबीचे गोळे, काळपट रस्सा, वर कच्ची पात. नेल्सन वाँग नावाच्या बल्लवाने सत्तरच्या दशकात मुंबईच्या क्रिकेट क्लबात मंचुरियन शोधलं असं सांगतात. मांचुरियातल्या माणसाने ते कधी पाहिलेलं नाही. वैनगंगेच्या वाळूत मात्र त्याच्या गाड्या रांगेने लागतात. माझ्या मते याचं कारण सोपं आहे. ते कुणाचंच नाही. गोंडाने बंगाल्याचं खाल्लं, तेलुगूने ढिवराचं खाल्लं, असं कुणालाच म्हणता येत नाही. सगळे सारखेच निराश होतात आणि कुणाचाही अपमान होत नाही. शेजारी आलूबोंडे, जिलबी, मुरमुरे आहेत, पण गर्दी बघावी तर कोबीवर.

ज्यांचा उपवास असतो ते साबुदाण्याची उसळ खातात. म्हणजे पोर्तुगीजांनी अमेरिका खंडातून आणलेल्या कंदाचे गोळे, तिथलेच शेंगदाणे, तिथलाच आलू आणि तिथलीच मिरची. इथल्या मालगुजारी तलावांत ढिवर लोक गळाभर पाण्यात उतरून काढतात तो शिंगाडा तेवढा आपला, आणि तो परडीत कोपऱ्यात बसलेला असतो. काळी साल पाहून पोरं विचारतात, "हे काय होय जी?"

मोहाचं काय, असा प्रश्न जाणकार वाचकाच्या जिभेवर केव्हाचा आला असेल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं टपटप पडतात. झाडाखालचा पाचोळा आधी झाडून ठेवलेला असतो. बायका-पोरं टोपल्या घेऊन जातात आणि कधीकधी अस्वलही त्याच कामासाठी आलेलं असतं. वाळवलेल्या फुलांची भाकर करतात, लाडू करतात, लाखोळीसोबत शिजवतात. बियांचं तेल काढतात, टोरीचं तेल. थंडीत ते गोठून बसतं. इतकी सगळी कामं करणाऱ्या झाडाचं नाव काढलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे फक्त बाटली येते. गडचिरोलीत तर 1993 पासून दारूबंदी आहे. बायकांनी मागून घेतलेली बंदी आहे, तिची थट्टा करायची माझी छाती नाही. चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली, त्यामुळे मधल्या काळात वैनगंगा ओलांडण्याचं प्रयोजन बदलत राहिलं. गोव्याच्या काजूच्या फेणीला 2009 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुढे ती 'वारसा' झाली. मोह मात्र लोकांच्या लेखी अजून 'हातभट्टी' या सदरातच. मला दारूपेक्षा लाडवांचं दुःख जास्त आहे. मोहाचा लाडू पाहुण्यापुढे ठेवला की तो आधी वास घेतो, मग डोळा मारतो, आणि अर्धा खाऊन नशा चढायची वाट पाहत बसतो. ती चढत नाही. मग तो निराश होतो. इतका चांगला लाडू खाऊन निराश झालेली माणसं जगात दुसरीकडे नसतील.

खरं सांगायचं तर या दोन जिल्ह्यांत जात, धर्म, भाषा, पक्ष असं काहीही न पाहता एकमेकांना दिला जाणारा एकच पदार्थ आहे, आणि तो खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळव्याने घोट घोट घोटायचा. गुटख्यावर 2012 साली बंदी आली, खर्ऱ्याने ती मनावर घेतली नाही. भात कुणाच्या हातचा खायचा याचे नियम पाळणारी माणसं अनोळखी माणसाच्या पन्नीत बिनदिक्कत बोट घालतात. 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने 'मुक्तिपथ'सारखं अभियान गावोगाव जाऊन सांगतंय की बाबांनो, तोंड उघडेनासं होईल. ऐकणारा ऐकतो, मान डोलावतो, उत्तर द्यायचं असतं पण देता येत नाही, कारण तोंड भरलेलं असतं. या एका बाबतीत मात्र आम्ही पाहुण्याला आमचं घरचं द्यायला अजिबात लाजत नाही. आग्रह करकरून देतो.

मुलचेऱ्याकडच्या एका बंगाली लग्नात आम्हाला बोलावणं आलं होतं. काकाजीही आले होते. मराठी पाहुण्यांसाठी वेगळी पंगत, वेगळा आचारी, आणि वेगळं पनीर. बंगाली मंडळी पलीकडे मुगाच्या डाळीत माशाचं मुंडकं घालून जेवत होती. त्या बाजूने मोहरीच्या तेलाचा वास आला तसे काकाजी न सांगता उठले आणि पलीकडे जाऊन बसले. आधी तिथे थोडी घबराट झाली. काकाजींनी मुंडकं उचललं, उलटसुलट करून पाहिलं, आणि चोखायला लागले. मग गप्पा सुरू झाल्या. बंगाली म्हातारा काकाजींना आपल्या सुक्या माशांचं, शुटकीचं, वर्णन करून सांगत होता आणि काकाजी त्याला सुकटीचं सांगत होते. कुणाच्या घरातून जास्त लांबवर वास जातो यावर दोघांची चांगली जुंपली.

शेवटी रसगुल्ले आले. काकाजींच्या पानात अजून बराच भात होता आणि डाळ संपलेली होती. त्यांनी एक रसगुल्ला उचलला, भातावर धरला आणि मुठीत पिळला. पाक भातावर पडला. दुसरा पिळला. मग भात कालवून शांतपणे जेवू लागले. वाढपी हातातलं भांडं तसंच धरून उभा राहिला. पंगतीतले बंगाली एकेक करून जेवायचे थांबले. बंगाली म्हाताऱ्याने बराच वेळ पाहिलं आणि मग, मुंडक्यामुळे झालेल्या ओळखीच्या हक्काने, विचारलं, "दादा, अच्छा लगता है?"

"नाई," काकाजी म्हणाले.

"तो फिर?"

"भात होता ना जी."